रानपिंगळ्याची साक्ष

रानात हरवलेला पक्षी कधी ना कधी पुन्हा दृष्टीस पडेल, अशी आशा बाळगता येते. परंतु कागदावर हरवलेल्या पक्ष्याचा शोध लावणे महाकठीण. रानपिंगळा नावाच्या एका लहानशा घुबडाच्या नशिबी हे दोन्ही प्रकारचे हरवणे आले. तो पाहण्यासाठी गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील आम्ही पाच जण तानसाच्या अभयारण्यात दोन दिवस जाऊन आलो. त्या दोन दिवसांत जे पाहिले आणि जे पाहूनही 'पाहिले' असे म्हणता आले नाही, त्याचा हा वृत्तान्त.

पिंगळा हा पक्षी आपल्याला परका नाही. जुन्या चिंचेच्या वा वडाच्या ढोलीत राहणारा, साळुंकीएवढा, अंगभर पांढरे ठिपके मिरवणारा पिंगळा वसईच्या वाड्यांतून आजही तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात भांडताना ऐकू येतो. त्याच्या बोलण्यावरून शकुन सांगत पहाटे दारोदार हिंडणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही महाराष्ट्राने 'पिंगळा' हेच नाव दिले. रानपिंगळा हा ह्या ओळखीच्या पिंगळ्याचा रानातला भाऊबंद. चणीने किंचित थोर, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरे, पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, आणि पायांवर दाट पांढरी पिसे. घुबडाच्या जातीचा असूनही तो दिवसाउजेडी शिकार करतो. जगाच्या पाठीवर तो केवळ आपल्या मध्य आणि पश्चिम भारतातच आढळतो.

शास्त्राला त्याची पहिली ओळख झाली ती १८७२ साली. आजच्या छत्तीसगढमधील फुलझर परिसरात ब्लेविट नावाच्या संग्राहकाला तो मिळाला आणि पुढील वर्षी, १८७३ मध्ये, अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ब्लेविटचे नाव दिले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० ते १८८४ ह्या काळात पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, ह्या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. नमुना म्हणजे पेंढा भरून जतन केलेले पक्ष्याचे कातडे. त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कोणी, कोठे, कोणत्या दिवशी मिळविला हे तीवर लिहिलेले असते. पक्षी मरून जातो, मिळविणाराही मरून जातो; मागे राहते ती चिठ्ठी. पुढच्या पिढ्या तिच्यावर विश्वास ठेवून चालतात. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीलायक नोंद झाली नाही.

मात्र खोटी नोंद झाली. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हे ब्रिटिश लष्करातील मोठे नावाजलेले अधिकारी. त्यांचा पक्ष्यांचा संग्रह वीस हजारांवर होता आणि १९५४ साली तो लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाकडे गेला. त्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते: १९१४ साल, गुजरातेत तापीकाठचे मांडवी. एवढ्या मोठ्या माणसाची चिठ्ठी. तिच्यावर अविश्वास कोण दाखविणार? जाणकार मांडवीच्या बाजूला पक्षी शोधू लागले. डॉ. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ले ह्यांनीही रानपिंगळ्यासाठी शोध केला. पक्षी काही दिसला नाही. १९८७ साली सलीम अलींनी डोळे मिटले. भारतातील पक्ष्यांना सर्वाधिक ओळखणारा हा माणूस रानपिंगळा न पाहताच गेला.

पुढे पॅमेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथासाठी जुने नमुने तपासू लागल्या. कर्नलसाहेबांच्या इतर काही नमुन्यांविषयी शंका तोवर पुढे आल्या होत्याच. रानपिंगळ्याचा नमुना बारकाईने तपासता असे दिसून आले, की तो मुळात डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला, संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा नव्याने भरलेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला होता. म्हणजे मांडवीला तो पक्षी कर्नलसाहेबांना मिळालाच नव्हता. ही चिठ्ठी बाजूला सारताच वाट मोकळी झाली. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट ह्या दोन सहकाऱ्यांसह रासमुसेन जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधाराने निघाल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! डेव्हिडसनने जेथे लिहून ठेवला होता, त्याच मुलखात तो सापडला.

त्यानंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा सातपुड्याच्या रानांतून त्याच्या नोंदी होत गेल्या. आणि २०१४ साली तो तानसाच्या अभयारण्यात दिसल्याची नोंद झाली. ह्या बातमीने पक्षिमित्र चकित झाले, कारण सह्याद्रीच्या बाजूला तो असेल अशी कोणाची कल्पना नव्हती. आम्हां वसईकरांना मात्र निराळेच नवल वाटले. ज्याच्यासाठी सातासमुद्रापलीकडून माणसे खानदेशात आली, तो पक्षी आपल्या उंबरठ्यावर बसून होता! तानसा नदी वज्रेश्वरीवरून पुढे येत वैतरणेला मिळते. तिच्याच वरच्या अंगाच्या रानात तो राहतो. तेव्हापासून एकदा जायचे, एकदा जायचे, असे आमच्यात चालले होते. ते गेल्या उपवासकाळात जमले.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते. त्यांना सारा गाव गुरुजी म्हणतो. एक परिचारिका, त्यांना आम्ही ताई म्हणतो. दोघे महाविद्यालयात शिकणारे तरुण आणि पाचवे हे चार शब्द लिहिणारे. रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून शुक्रवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परतायचे, असे ठरले. शुक्रवार असल्याने सुके बोंबीलसुद्धा घरी ठेवून ताईंनी तांदळाच्या भाकऱ्या, वालाची भाजी आणि लोणचे बांधून घेतले. शिरसाड फाट्यावरून आत वळून, वज्रेश्वरी आणि अंबाडी मागे टाकीत आम्ही शहापूर तालुक्याच्या रानात शिरलो. पळस नुकता फुलू लागला होता. सागाची पाने झडून वाटेवर पडली होती. पायाखाली ती अशी कडाडत, की चोरपावलांनी चालण्याची सोयच नव्हती.

तानसाचे दगडी धरण १८९२ सालचे. मुंबईच्या नळांना तेव्हापासून येथले पाणी जाते. मुंबईला पाणी हवे म्हणून भोवतालचे रान राखले गेले आणि रान राखले गेले म्हणून त्यातील जीव राहिले. १९७० साली ह्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. साग, ऐन, खैर, कळंब, मोह आणि बांबू अशी मिश्र झाडी, मधूनमधून मोकळी गवताळ जागा आणि पाड्यांची शेते. रानपिंगळ्याला असेच विरळ, पानझडी रान मानवते. ज्या पाड्यावर आम्ही उतरलो त्याचे नाव येथे देत नाही. दुर्मीळ पक्ष्याचे घर छापून सांगू नये, हा पक्षिमित्रांचा शिरस्ता आहे आणि तो योग्यच आहे.

आमचा वाटाड्या ठाकर समाजातला, पस्तिशीच्या आतबाहेरचा. आम्ही त्याला दादा म्हणू लागलो. तो गुरुजींना 'बाबा' म्हणे. शाळा सातवीपर्यंत झालेली. पावसाळ्यात भातशेती, उन्हाळ्यात मोहाची फुले वेचणे आणि थंडीत पक्षी पाहायला येणाऱ्यांना वाट दाखविणे, असे त्याचे वर्षाचे गणित. दिवसाची मजुरी ठरलेली असते. पण रानपिंगळा दिसला की पाहुणे खुशीने वरकड पैसे देतात, हे आम्हांला आधीच कळले होते. त्याच्या खिशात एक लहान वही होती. तीत तारीख, झाड आणि पक्षी एवढेच लिहिलेले असे.

निघण्यापूर्वी आमच्या एका तरुणाने भ्रमणध्वनी पुढे करून रानपिंगळ्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण ऐकविण्याची तयारी दाखविली. आवाज ऐकून पक्षी जवळ येतो. दादाने मान हलविली. "नको. त्याला वाटतं दुसरा कोन तरी त्याच्या रानात घुसलाय. मग तो शिकार सोडून तेच हुडकत फिरतो. आता अंड्यांचे दिवस हायती." तरुणाने निमूटपणे यंत्र खिशात ठेवले.

दिवसभरात आम्ही बरेच पाहिले. तांबट, हळद्या, कोतवाल, सुतार, सातभाईंचे कलकलाटी थवे. एका बांबूच्या बेटात अंगभर पट्टे असलेला जंगली पिंगळाही दिसला. प्रत्येक पिंगळा दिसला की छातीत धडधड व्हायची आणि दुर्बीण डोळ्यांना लागली की ती शांत व्हायची. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही एका शेताच्या बांधावर आलो. सूर्य मावळतीला टेकला होता. समोर वाळलेल्या मोहाच्या शेंड्यावर एक पिंगळा बसला होता आणि त्याच्या पाठीमागे सारे आकाश पेटलेले होते.

आम्हांला दिसत होती ती केवळ काळी आकृती. चण थोर वाटत होती. डोके मोठे वाटत होते. एकदोनदा त्याने शेपटी डावीउजवीकडे हलविली. रानपिंगळ्याची ती लकब म्हणून पुस्तकांत सांगितलेली आहे. पण डोक्यावर ठिपके होते की नव्हते, छाती गडद होती की नव्हती, हे पाहण्याइतका उजेड नव्हता. तरुणाने छायाचित्रे घेतली. त्यांतही काळी आकृतीच उमटली. मिनिटभराने पक्षी उडाला आणि झाडीत गेला.

"तोच!" तरुण म्हणाला. त्याच्या स्वरात इतका आनंद होता, की आम्हां सर्वांना तो खरा वाटावा. जागा हीच, रान हेच, लकब तीच. दुसरा कोणता असणार? आमच्या मंडळाच्या नोंदवहीत ह्या पक्ष्याच्या नावापुढची जागा अनेक वर्षे मोकळी होती. ती भरण्याची वेळ आली, असे प्रत्येकाच्या मनात आले. तरुणाने आनंदाच्या भरात पाचशेची नोट काढून दादापुढे धरली.

दादाने ती घेतली नाही. "पैसं सकाळी द्या," तो म्हणाला. "तोच हाय, असं मी नाय सांगनार. उजेडच नव्हता."

"पण तुम्हांला काय वाटतं?" ताईंनी विचारले.

"वाटायचं काय! वाटतं तर हाय, की तोच. पन मी वाटलेलं वहीत लिहीत नाय. तुम्ही लिहिलं, की उद्या धा गाड्या ह्या बांधावर येतील. गडी शेत तुडवतील. आनि पाखरू हितं नसलं तर मग?"

वर सांगितलेली कर्नलसाहेबांची कथा दादाला ठाऊक नव्हती. आम्हां पाचांना होती. त्यामुळे त्याचे बोलणे ऐकून क्षणभर आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. गुरुजींनी नोंदवही काढली आणि त्या दिवसाच्या पक्ष्यांच्या यादीखाली लिहिले: 'पिंगळा, १. संध्याकाळी ६.१०. उजेड अपुरा. जात निश्चित नाही.' तरुणाचा चेहरा उतरला. पण तो काही बोलला नाही.

रात्री दादाच्याच अंगणात मुक्काम होता. शुक्रवारची क्रुसाच्या वाटेची भक्ती आम्ही तेथेच, चुलीच्या उजेडात, हळू आवाजात केली. दादाची आई भिंतीला टेकून ऐकत बसली होती. पुढे जेवणे झाल्यावर बोलणे साहजिकच त्या मोहावरच्या पक्ष्याकडे वळले. तरुणाने आपले मन मोकळे केले. "गुरुजी, कोणाचं त्यात काय नुकसान झालं असतं? एक तर पक्षी. खरं असण्याचीच शक्यता जास्त."

गुरुजी शाळेत चाळीस वर्षे मुलांना शिकवीत आले. उपदेश करण्याची त्यांना घाई नसते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आठवी आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात घोकली. खोटी साक्ष देऊ नये. आपली समजूत अशी, की साक्ष म्हणजे न्यायालय, पिंजरा, वकील. पण ज्याला ठाऊक नाही त्याला आपण 'मी पाहिलं' म्हणून सांगतो, तेव्हा प्रत्येक वेळी साक्षच देतो. अर्धवट पाहिलं असेल, तर अर्धवट पाहिलं असं सांगावं. त्यात कमीपणा कसला?"

ताई म्हणाल्या, की त्यांच्या कामातही असेच आहे. रुग्णाचा ताप मोजला नसेल तर तक्त्यावरचा रकाना मोकळा सोडायचा. अंदाजाने आकडा भरायचा नाही. मोकळा रकाना पाहून पुढच्या पाळीची परिचारिका ताप मोजते. भरलेला रकाना पाहून ती निश्चिंत होते, आणि धोका तेथेच असतो. ह्या साध्या दाखल्याने आमच्या मनातील गोष्ट अधिक स्पष्ट झाली. मांडवीचा रकाना मोकळा असता, तर शोधणाऱ्यांच्या वाटेत एक खोटी खूण कमी झाली असती.

पहाटे साडेपाचला उठून पुन्हा निघालो. गारवा होता. काल ज्या बांधावर आलो होतो तेथून शेदोनशे पावलांवर, ओढ्याच्या काठी, सागाची विरळ झाडी होती. दादाने आम्हांला एका ऐनाच्या बुंध्याआड बसविले आणि बोटाने गप्प राहण्याची खूण केली. सात वाजले, साडेसात वाजले. एक सातभाईंचा थवा आला आणि गेला. आठ वाजून काही मिनिटांनी उन्हाची तिरीप सागाच्या शेंड्यांवरून खाली उतरली आणि दादाने आमच्याकडे न पाहताच हात किंचित वर केला.

निष्पर्ण फांदीवर, उन्हाकडे तोंड करून, तो बसला होता. सूर्य आता आमच्या पाठीशी होता. डोके सपाट, तपकिरी-राखाडी, ठिपक्यांवाचून. छातीवर गडद तपकिरी रंगाचा जणू सलग पट्टा. त्याखाली पोट पांढरे, स्वच्छ. पायांवर मोजे घातल्यासारखी पांढरी पिसे आणि चणीच्या मानाने दांडगे पंजे. डोळे पिवळे, भुवया पांढऱ्या. त्याने एकदा आमच्या दिशेने पाहिले आणि दखल घेण्याजोगे काही नाही असे ठरवून मान फिरविली. मग एकाएकी तो दगडासारखा खाली गवतात पडला, आणि वर आला तेव्हा त्याच्या पंजात एक सापसुरळी होती. ती घेऊन तो त्याच फांदीवर बसला. शेपटी डावीउजवीकडे हलली. तिच्यावरचे रुंद पट्टे आम्हांला स्पष्ट दिसले.

बारा मिनिटे तो तेथे होता. त्या बारा मिनिटांत कोणीही बोलले नाही. आम्ही पाहत होतो तो पक्षी एकशे तेरा वर्षे माणसाच्या नजरेआड आपले आयुष्य असेच जगत आला होता: ऊन खात, सापसुरळ्या धरीत, ढोलीत पिले वाढवीत. त्याला हरविल्याचे ठाऊक नव्हते आणि सापडल्याचेही. सृष्टिकर्त्याच्या नजरेतून तो एक दिवसही हरविला नव्हता, हा विचार त्या क्षणी आमच्या मनात आला आणि डोळे भरून आले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही.

पक्षी उडून गेल्यावर गुरुजींनी एक निराळीच गोष्ट केली. त्यांनी प्रत्येकाला कागद दिला आणि एकमेकांशी न बोलता, जे दिसले तेवढेच लिहिण्यास सांगितले. वर्गातील चाचणीसारखे आम्ही पाच जण पाच झाडांखाली बसलो. मग कागद एकत्र केले. एकाने पायांची पिसे लिहिली नव्हती. ताईंनी भुवया लिहिल्या नव्हत्या. पण डोके, छाती, पोट आणि शेपटी ह्यांबाबत पाचही कागद एकच सांगत होते. आदल्या रात्रीच आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचे मनन केले होते. प्रमुख याजकापुढे उभ्या राहिलेल्या खोट्या साक्षीदारांची साक्ष परस्परांशी जुळली नाही, असे शुभवर्तमानकार मार्क सांगतात. त्याची आठवण कोणी बोलून दाखविली नाही; तरी ती सर्वांनाच झाली असावी.

नोंदवहीत नवी ओळ लिहिली गेली: 'रानपिंगळा, १. सकाळी ८.०७ ते ८.१९. पाचही जणांनी स्पष्ट पाहिला.' मग तरुणाने हळूच विचारले, "गुरुजी, कालचा पक्षीही आता हाच ठरतो ना? जागा शेजारचीच. ती ओळ दुरुस्त करू या का?"

गुरुजींनी वही आणि लेखणी त्याच्या हाती दिली. "तू ठरव," एवढेच म्हणाले.

त्याने कालची ओळ काढली. बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग वही मिटून परत दिली. "काल दिसलं नव्हतं, ते आज पाहिल्यानं काल दिसलं असं होत नाही," तो म्हणाला. ती ओळ आजही तशीच आहे: जात निश्चित नाही.

दुपारी मोहाखाली भाकऱ्या खाताना आम्ही दादाला कर्नलसाहेबांची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि शेवटी एकच प्रश्न केला. "एवढी पाखरं होती त्याच्याकडं, मग हे एक खोटं कशाला?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वीस हजार नमुन्यांचा धनी, मान, पदव्या, पैसा, कशाचीही वाण नसलेला. आणि हा येथे, ज्याला एका 'होय' शब्दाने पाचशे रुपये मिळत होते. त्याने तो शब्द उच्चारला नाही. निघताना आम्ही त्याला जे दिले ते त्याने मोजून न पाहता घेतले. आपल्या वहीत तारीख, झाड आणि पक्षी लिहिला आणि ती खिशात ठेवली.

घरी परतल्यावर कित्येकांनी विचारले, की एका घुबडासाठी एवढा खटाटोप कशाला? आपल्या समाजात घुबडाविषयी आदर नाही हे आम्ही जाणतो. त्याचे नाव अपशकुनाशी जोडले गेले आहे आणि त्याच्या अंगाच्या अवयवांना जादूटोण्यात किंमत येते म्हणून आजही देशात घुबडे मारली जातात. त्यात रान तोडले जाते, वणवे लागतात, ढोलीची जुनी झाडे जळणासाठी जातात. रानपिंगळ्याला ह्या साऱ्याची झळ बसते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' ह्या वर्गातून 'संकटग्रस्त' ह्या वर्गात आणण्यात आले. पक्षी वाढले म्हणून हे झाले, असे कोणी समजू नये. नव्या नव्या ठिकाणी लोकांनी तो पाहिला, प्रामाणिकपणे नोंदविला, आणि पूर्वी वाटत होते त्याहून तो थोडा अधिक आहे हे उघड झाले. तरीही प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे.

परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सांगितले आहे, की दर वर्षी सृष्टीतील अनेक जाती आपल्यामुळे नाहीशा होतात आणि त्यांच्या अस्तित्वाने परमेश्वराचा जो गौरव होत होता तो थांबतो. असे करण्याचा अधिकार आपल्याला नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने पशुपक्ष्यांना आदामापुढे आणले ते त्याने त्यांना नावे द्यावीत म्हणून. मनुष्याला सोपविलेले ते पहिल्या कामांपैकी एक. नाव देण्यासाठी आधी नीट पाहावे लागते. न पाहता दिलेले नाव हे त्या जिवावर केलेला अन्यायच होय. आणि मांडवीच्या त्या चिठ्ठीने दाखवून दिले आहे, की असा अन्याय अनेक वर्षे फळे देत राहतो.

आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत. लग्न ठरले, परदेशी जायचे झाले, जमिनीचा वारसा लावायचा झाला, की आपण धर्मगुरूंकडे जातो. ते कपाट उघडतात, जुन्या वहीचे पान काळजीपूर्वक उलटतात आणि आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव, तारीख आणि साक्षीदार वाचून दाखवितात. ती ओळ लिहिणारा कोण होता, त्याचा स्वभाव कसा होता, आपल्याला ठाऊक नसते. त्याने त्या दिवशी जे पाहिले तेच लिहिले, एवढ्या एका भरवशावर आपले नाते, आपले नाव आणि आपली ओळख उभी असते. कोणी अंदाजाने तारीख घातली असती, कोणी कोणाला खूश करण्यासाठी नाव बदलले असते, तर आज किती घरांचे धागे तुटले असते!

रानातल्या पक्ष्याला बाप्तिस्म्याची वही नाही. त्याची नोंद ठेवणारे म्हणजे त्याला पाहणारे आपणच. म्हणून आमच्या तरुणांना, आणि त्यांच्याबरोबर रानात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला, आमचे एवढेच सांगणे आहे. जा, अवश्य जा; पहाटे उठा, उन्हाची वाट पाहा, दुर्बीण नसली तरी चालेल. मुलांना बरोबर न्या. पक्षी दिसला तर देवाचे आभार माना. आणि नीट दिसला नाही, तर वहीत तसे लिहिण्याची लाज बाळगू नका. पुढे कोणी तरी तुमच्या ओळीवर विश्वास ठेवून त्या वाटेने चालणार आहे.